कुटुंबासाठी साप पाळताना : निर्णयापासून पहिल्या वर्षापर्यंत

घरात साप पाळण्याची कल्पना बहुतेक वेळा एखाद्या मुलाच्या कुतूहलातून निघते, आणि त्या सापाची जबाबदारी शेवटी घरातल्या एखाद्या मोठ्या माणसावरच येते. हे आधीच मान्य केले, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो आणि बॉल पायथन २० ते ३० वर्षे. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० साली अंडी घालणाऱ्या एका बॉल पायथन मादीचे वय तर ६० वर्षांहून अधिक होते. आज दहा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणवलेला साप, ते मूल शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यावरही त्याच कोपऱ्यात असणार आहे. म्हणून घरातल्या कोणत्या प्रौढ व्यक्तीचा हा साप आहे, हे पहिल्याच बैठकीत नाव घेऊन ठरवावे. तशी व्यक्ती पुढे येत नसेल, तर साप आणू नये.

या लेखात एका क्रमावर मी आग्रहाने भर देणार आहे : आधी संमती, मग कायदा, मग जात, मग पेटी आणि सर्वांत शेवटी साप. पाळलेल्या सापांचे जे हाल होतात, त्यांतले बरेचसे हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात. साप घरी येतो, त्याला एखाद्या तात्पुरत्या डब्यात ठेवले जाते आणि मग उष्णतेची सोय शोधायला सुरुवात होते. तोवर तो खायचे बंद झालेला असतो.

घरातली संमती

सर्वांना एकत्र बसवून तीन गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. पहिली भीतीची. सापाच्या भीतीवर समजावणीचा फारसा उपयोग होत नाही, आणि घरातल्या एकाही व्यक्तीला आपल्याच घरात सतत धास्तावून राहावे लागत असेल, तर तो साप कोणालाच सुख देणार नाही. दुसरी गोष्ट अन्नाची. पाळीव साप बहुतांशी उंदीर खातात, आणि ते उंदीर गोठवलेल्या अवस्थेत घरात साठवावे लागतात. त्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर असणे सर्वांत चांगले. तो नसेल, तर निदान घट्ट झाकणाचा स्वतंत्र डबा हवा, आणि तो डबा घरातल्या फ्रीझरमध्ये चालेल का, हे स्वयंपाकघर ज्यांच्या हाती आहे त्यांनीच सांगावे.

तिसरी गोष्ट आरोग्याची आहे आणि तिच्याबाबत तडजोड करू नये. दिसायला पूर्ण निरोगी असलेल्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना या संसर्गाचा त्रास गंभीर होऊ शकतो. घरात लहान बाळ असेल किंवा येऊ घातले असेल, तर काही वर्षे थांबणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे.

कायदा

सापांबाबतचे नियम देशागणिक आणि काही ठिकाणी राज्यागणिक किंवा शहरागणिक वेगळे असतात. अनेक देशांत, भारतातही, स्थानिक वन्य साप पकडणे आणि घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो साप कितीही निरुपद्रवी असो. अजगर आणि बोआ या कुळांतील सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराखाली नियंत्रित आहे. हा करार १९७५ पासून अमलात आहे. त्यामुळे परदेशी जातीच्या सापासोबत त्याच्या उगमाची कागदपत्रे असलीच पाहिजेत. आपण राहतो तिथल्या वन्यजीव खात्याकडे लेखी चौकशी करावी, विक्रेत्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये, आणि भाड्याच्या घरात राहत असल्यास मालकाची परवानगी घ्यावी. कायदा परवानगी देत नसेल, तर विषय तिथेच संपतो.

कायद्याची आडकाठी नसली तरी रानातून पकडलेला साप घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. असा साप बहुधा परजीवींनी ग्रासलेला असतो, बंदिस्त जागेत खायला नकार देतो आणि मानवी स्पर्शाला कधीच सरावत नाही. पाळणाऱ्यांच्या घरी जन्मलेले पिल्लूच कुटुंबासाठी योग्य.

जात कोणती निवडावी

पहिल्यांदा साप पाळणाऱ्या कुटुंबाला मी कॉर्न स्नेक सुचवेन. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप साधारण ९० ते १५० सेंटिमीटर वाढतो, स्वभावाने शांत असतो, खाण्याच्या बाबतीत क्वचितच हट्टीपणा करतो आणि घरातल्या सर्वसाधारण आर्द्रतेत राहू शकतो. लहानपणी तो चपळ आणि बुजरा असतो, पण वर्षभरात स्थिरावतो.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर लांबीला साधारण तेवढाच, पण अंगाने जाडजूड असतो. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. हातात घेतल्यावर तो संथपणे वावरतो, त्यामुळे अनेकांना आवडतो. मात्र त्याला उष्णता आणि आर्द्रता दोन्ही जास्त लागतात, आणि तो कधीकधी काही महिने अन्नाला तोंडही लावत नाही. पहिल्यांदाच साप पाळणाऱ्या माणसाचा या उपवासाने धीर सुटतो. रंगांच्या हौसेपायी तयार केलेल्या त्याच्या ‘मॉर्फ’ प्रकारांपैकी ‘स्पायडर’ या प्रकारात तोल बिघडवणारा आनुवंशिक दोष असतो. असा साप डोके डोलवतो, कधी उलटे वळवतो. हे रूप कितीही सुंदर दिसले तरी ते विकत घेऊन त्याच्या पैदाशीला हातभार लावू नये.

किंग स्नेक आणि मिल्क स्नेकही काटक असतात, पण किंग स्नेक इतर सापांना खातो हे लक्षात ठेवावे. हॉगनोझ आकाराने लहान आणि दिसायला गोंडस असला तरी तो निमविषारी आहे. त्याच्या जबड्याच्या मागच्या भागात दात असतात आणि चावा लांबला तर हात सुजू शकतो. लहान मुलांच्या घरात तो पहिला साप नसावा. बर्मीज किंवा रेटिक्युलेटेड पायथनसारखे पाच मीटर किंवा त्याहून अधिक वाढू शकणारे अजगर कुटुंबासाठी नाहीतच.

जात कोणतीही असो, एका पेटीत एकच साप ठेवावा. साप कळपात राहणारे प्राणी नाहीत. दोन साप एकमेकांवर वेटोळे घालून बसलेले दिसले की माणसाला ती माया वाटते, पण बहुतेक वेळा ती एकाच ऊबदार जागेसाठी चाललेली मूक ओढाताण असते.

पेटी : सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

पेटीची लांबी निदान पूर्ण वाढलेल्या सापाच्या लांबीइतकी असावी, म्हणजे त्याला कधीतरी पूर्ण ताणून पसरता येते. मध्यम आकाराच्या कॉर्न स्नेकसाठी १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच पेटी हे किमान माप समजावे. साप त्याहून लांब वाढला तर पेटीही मोठी हवी. मोठ्या पेटीत साप घाबरतो असे अनेकदा ऐकायला मिळते. खरे तर तो मोकळ्या, आडोसा नसलेल्या पेटीत घाबरतो. पेटीत पुरेशी दडणे (लपायच्या जागा), फांद्या, सालीचे तुकडे आणि कृत्रिम पाने असतील, तर छोटे पिल्लूही मोठ्या जागेत निर्धास्त राहते.

साप स्वतःच्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करत नाही. ऊब हवी तेव्हा तो ऊबदार जागी जातो आणि नको तेव्हा गार जागी सरकतो. म्हणून पेटीचे एक टोक उष्ण आणि दुसरे गार असायलाच हवे. कॉर्न स्नेकसाठी उष्ण टोकाला २९ ते ३२ अंश सेल्सियस आणि गार टोकाला २२ ते २४ अंश तापमान ठेवावे. बॉल पायथनसाठी हेच आकडे ३१ ते ३३ आणि २५ ते २७ अंश असे आहेत. आर्द्रता कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के पुरते, तर बॉल पायथनला ६० ते ८० टक्के लागते. दोन्ही टोकांना एकेक दडण ठेवावे, आणि ते इतके आटोपशीर असावे की वेटोळे घातल्यावर सापाच्या अंगाला त्याच्या भिंती लागतील. दडण एकच असेल, तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एकाची निवड करावी लागते. तो बहुधा सुरक्षितता निवडतो, आणि ते दडण गार टोकाला असेल तर त्याचे पचन बिघडते.

उष्णतेसाठी वरून लावलेला दिवा, सिरॅमिक हीटर किंवा पेटीखालची हीट मॅट चालते. परंतु यांपैकी कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेले तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्राशिवाय, वापरू नये. सापाला हवेतली ऊब कळते, पण पोटाखालचा तापलेला पृष्ठभाग कातडी भाजेपर्यंतही तो अनेकदा सोडत नाही, आणि पोटावरच्या या भाजण्याला बरे व्हायला महिने लागतात. विजेवर तापणारे कृत्रिम दगड याच कारणासाठी टाळावेत. पेटीतल्या दिव्याभोवती जाळी असावी, कारण साप त्याला विळखा घालू शकतो. तापमान मोजायला काचेवर चिकटवायच्या पट्ट्या फारशा भरवशाच्या नसतात. दोन्ही टोकांना सेन्सर असलेले डिजिटल तापमापक आणि एक आर्द्रतामापक घ्यावा.

तळाला पसरायला कॉर्न स्नेकसाठी अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा उत्तम, कारण त्यात साप बोगदे करतो. बॉल पायथनसाठी ओलावा धरून ठेवणारा नारळाच्या सोडणाचा चुरा बरा. सीडर आणि पाइन यांचा सुगंधी भुसा अजिबात वापरू नये, त्यांतली तेले सापाच्या श्वसनमार्गाला घातक असतात. पाण्याचे भांडे सहज न उलटणारे आणि साप आत बसू शकेल एवढे असावे. उजेडाचे बारा तास आणि अंधाराचे बारा तास असा दिनक्रम घड्याळी स्विचने लावून द्यावा.

झाकणाला कुलूप हवे. साप आपल्या डोक्याएवढ्या फटीतून पूर्ण बाहेर येतो, आणि रात्रभर प्रत्येक कोपरा नाकाने ढकलून पाहण्याइतकी चिकाटी त्याच्यात असते. वायर जाण्यासाठी ठेवलेले भोकही त्याला पुरते.

ही सगळी व्यवस्था झाल्यावर पेटी निदान एक आठवडा रिकामीच चालवावी आणि सकाळ-संध्याकाळ तापमानाची वहीत नोंद करावी. मुलांना सापाच्या कामात सामील करून घेण्याची ही सर्वांत सुरक्षित जागा आहे. साप येण्यापूर्वी आठवडाभर नोंदी न चुकवणारे मूल पुढेही कामात टिकण्याची शक्यता अधिक, आणि जे चौथ्याच दिवशी कंटाळते त्याच्याबद्दलही आपल्याला वेळेवर कळते.

साप पाहताना आणि घरी आणल्यावर

पिल्लू स्वतः जाऊन पाहावे आणि ते आपल्यासमोर खाते का, हे विचारावे. निदान चार-पाच वेळा गोठवून वितळवलेले अन्न खाल्लेले पिल्लूच घ्यावे आणि त्याच्या खाण्याच्या नोंदी मागून घ्याव्यात. डोळे स्वच्छ, तोंड बंद, पाठीचा कणा टोकदारपणे वर न आलेला, गुदद्वार कोरडे आणि जीभ वारंवार बाहेर काढून हवा चाचपण्याची सवय, ही निरोगीपणाची चिन्हे. श्वासातून घरघर येत असेल, नाकातोंडाशी बुडबुडे दिसत असतील, किंवा हातात घेतल्यावर हातावर बारीक काळे ठिपके चालताना दिसले, तर ते पिल्लू आणि त्या जागेचे इतरही साप सोडून द्यावेत. ते ठिपके म्हणजे सापाचे रक्त शोषणारे माइट असतात. घरात आधीच एखादा साप असेल, तर नव्याला दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य साप आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. सर्वच पशुवैद्य साप पाहत नाहीत.

घरी आणल्यावर पहिले सात ते दहा दिवस त्याला हात लावू नये. हा काळ मुलांसाठी कठीण असतो, पण याच दिवसांत पिल्लू पेटीतली ऊब, दडण आणि पाणी कुठे आहे ते शिकत असते. फक्त पाणी बदलावे आणि काचेपासून थोडे दूर बसून पाहावे. पहिले अन्न साधारण सातव्या दिवशी द्यावे, आणि सलग दोन-तीन वेळा खाल्ल्यावरच हाताळायला सुरुवात करावी.

खाणे

अन्न नेहमी मेलेले, गोठवून वितळवलेले द्यावे. जिवंत उंदीर पेटीत सोडणे उंदरासाठी क्रूर आहेच, पण सापासाठीही धोक्याचे आहे, कारण भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडून गंभीर जखमी करू शकतो. उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित अधिक असावी. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला नवजात, केसही न आलेले उंदराचे पिल्लू दर पाच ते सात दिवसांनी पुरते. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी एकदा, तर प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी एकदा. प्रेमापोटी जास्त खाऊ घालण्याचा मोह फार होतो, पण पाळीव सापांमध्ये लठ्ठपणा हा उपासमारीपेक्षा अधिक आढळणारा दोष आहे असे मला वाटते.

आदल्या रात्री उंदीर पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या भागात वितळू द्यावा. दुसऱ्या दिवशी तो पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून अंगाला कोमट लागेल इतका तापवावा, पुसून कोरडा करावा आणि लांब चिमट्याने सापासमोर हलकेच हलवावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. अन्न बोटांनी देणे कटाक्षाने टाळावे, कारण उंदराचा वास आणि उबदार बोट यांत सापाला फरक करता येत नाही. खाल्ल्यानंतर निदान ४८ तास त्याला उचलू नये. सापाने भक्ष्य ओकून टाकले, तर लगेच दुसरे देऊ नये. तापमान तपासावे, दहा ते चौदा दिवस थांबावे आणि मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे. पुन्हा ओकला, तर पशुवैद्याकडे न्यावे.

बॉल पायथनने उपवास धरला, तर घाबरण्याआधी वजनकाटा काढावा. वजन जवळपास स्थिर असेल, तर प्रौढ साप काही महिनेही धोक्याविना काढतो. वजनाच्या दहा टक्के घट झाली, तर तज्ज्ञाला दाखवावे. हा काटा सापासाठीच वेगळा असावा, आणि महिन्यातून एकदा वजनाची नोंद व्हावी.

हाताळणे आणि मुले

सापाला वरून झडप घातल्यासारखे पकडू नये, कारण त्याचे नैसर्गिक शत्रू तसेच येतात. आधी गुंडाळलेल्या कागदाने किंवा साप हाताळायच्या आकडीने अंगाला हळूच स्पर्श करावा, म्हणजे आता अन्न येणार नाही हे त्याला हळूहळू उमगते. मग बाजूने, शरीराच्या मध्यावर आणि मागच्या भागाशी असा दोन ठिकाणी आधार देत उचलावे. सुरुवातीला पाच मिनिटे, आठवड्यातून दोनदा. पुढे पंधरा-वीस मिनिटे पुरेत. मुलाने जमिनीवर बसून, प्रौढ व्यक्तीच्या उपस्थितीतच साप हातात घ्यावा. साप गळ्याभोवती घालून फोटो काढणे हे लहान सापाबाबतही करू नये. सवय एकदा लागली की मोठ्या सापाबाबतही तेच होते.

चावा कधीतरी होतोच. या बिनविषारी सापांचा चावा बहुधा ओरखड्यांइतका असतो. साबणपाण्याने धुवावा आणि लालसरपणा वाढला तर डॉक्टरांना दाखवावे. सापाने हात धरून ठेवला, तर हिसका देऊ नये, कारण दात मागे वळलेले असतात. तोंडाजवळ थंड पाणी ओतले की तो सहसा सोडतो.

हात धुणे हा सापाला स्पर्श करण्याचाच एक भाग मानावा. साप, पेटी, पाण्याचे भांडे किंवा गोठवलेले उंदीर, काहीही हाताळले तरी साबणाने हात धुवावेत; गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. पेटीतली भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत आणि साप जेवणाच्या टेबलावर कधीही सोडू नये.

सापाला कुत्र्यासारखी माया नसते, हे मुलांना सरळ सांगावे. तो आपला वास ओळखू लागतो आणि आपल्या हातावर निश्चिंत होतो, इतकेच. माझ्या मते मुलांना यातून मिळणारी गोष्ट मोलाची आहे : जो प्राणी आपल्याकडे कौतुकाने पाहणार नाही, त्याचीही काळजी नियमाने घ्यावी लागते.

कात आणि आजार

कात टाकण्यापूर्वी सापाचा रंग फिका पडतो आणि डोळे निळसर-दुधाळ होतात. या दिवसांत त्याला कमी दिसते, म्हणून तो चिडखोर होतो. त्याला उचलू नये. पेटीत ओलसर शेवाळ भरलेले एक दडण ठेवले, तर कात सुरळीत निघते. ती अखंड, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसह निघायला हवी, म्हणून प्रत्येक वेळी तिचा डोक्याकडचा भाग उजेडात धरून पाहावा. तुकड्यांनी निघालेली कात म्हणजे आर्द्रता कमी पडल्याची खूण. शेपटीच्या टोकाला राहिलेला तुकडा रक्तप्रवाह अडवू शकतो, तर डोळ्यावर राहिलेला खवला आपण कधीही ओढून काढू नये. ते पशुवैद्याचे काम आहे.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, हिरड्यांवर पिवळट चिकट थर, दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहणे, शरीराच्या मध्यभागी न ओसरणारी सूज, पाठीवर उताणे केल्यावर सरळ होता न येणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. साप आजार फार उशिरापर्यंत लपवतो.

निसटला तर, आणि सांभाळणे अशक्य झाले तर

पेटी रिकामी दिसली, तर आधी खोलीचे दार बंद करून दाराखालची फट कापडाने बुजवावी. साप बहुधा जवळच, भिंतीच्या कडेला, ऊबदार आणि अंधाऱ्या जागी असतो : फ्रीजच्या मोटरमागे, कपाटाखाली, पुस्तकांच्या मागे. रात्री जमिनीवर पिठाची पातळ रेघ ओढून ठेवली, तर तो कोणत्या दिशेने गेला ते सकाळी कळते.

घर बदलणे, आजारपण किंवा अन्य कारणाने साप ठेवणे अशक्य झाले, तरी त्याला बाहेर सोडू नये. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत बर्मीज पायथनने तिथल्या सस्तन प्राण्यांची संख्या खालावली आहे, आणि स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव किंग स्नेकच्या वंशाने स्थानिक सरड्यांवर संकट आणले आहे. सोडलेला आपला साप बाहेर जगला नाही, तर तो उपाशी किंवा गारठून मरेल, आणि जगला तर इतरांना मारेल. त्याऐवजी ज्याच्याकडून तो घेतला त्या पाळणाऱ्याला, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बचाव संस्थेला किंवा आपल्या पशुवैद्याला विचारावे. देताना पेटी, थर्मोस्टॅट आणि पहिल्या दिवसापासूनची नोंदवही सोबत द्यावी. त्या वहीत त्याने कधी खाल्ले, कधी नाकारले आणि कात कधी टाकली हे सगळे असते, आणि नव्या घरातल्या पहिल्या महिन्यात पुढच्या माणसाला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.